मालिकांतल्या आया, इतिहासातल्या पहिल्या: प्रश्नमंजुषेत 'पहिली' शब्द कसा वापरावा?

कोरांटी
नमस्कार मंडळी. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात महिला मंडळात प्रश्नमंजुषा आहे. फेऱ्या दोन, 'मालिकांतल्या आया' आणि 'इतिहासातल्या पहिल्या', प्रत्येकी पंधरा प्रश्न. सहा गट, गटात चौघी, आजीपासून नातीपर्यंत. हे कच्चे प्रश्न:

१. भारतातली पहिली महिला डॉक्टर कोण?
२. भारतातली मुलींची पहिली शाळा कोणी काढली?
३. अंतराळात गेलेली पहिली भारतीय महिला कोण?
४. आशियातली पहिली महिला रेल्वेचालक कोण?
५. 'क्योंकि सास भी कभी बहू थी'मधली तुलसी कोणी साकारली?
६. मालिकेत जिजाऊंची भूमिका कोणी केली?

हे प्रश्न सगळीकडे फिरत असतात, पण प्रत्येकाला दुसरं उत्तर निघेल अशी शंका येते. कसे बांधावेत? नवे सुचले तर तेही द्या.

दस्तऐवज
शंका रास्त आहे. पहिल्या चारही प्रश्नांत एकच दोष आहे: 'पहिली' लिहिलंय, पण 'पहिली काय' ते गाळलंय.

डॉक्टरचा प्रश्न घ्या. आनंदीबाई जोशींना पेनसिल्व्हेनियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजची पदवी मिळाली ११ मार्च १८८६ रोजी. त्याच वर्षी कादंबिनी गांगुली कलकत्ता मेडिकल कॉलेजातून उत्तीर्ण झाल्या. आनंदीबाई नोव्हेंबर १८८६मध्ये परतल्या, कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नेमणूकही झाली होती, पण क्षयाने २६ फेब्रुवारी १८८७ला त्या गेल्या. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. म्हणजे डॉक्टर म्हणून भारतात त्यांना काम करताच आलं नाही. कादंबिनीबाईंनी केलं, वर्षानुवर्षं केलं. डॉ. रखमाबाईंनीही केलं, त्या लंडनहून शिकून १८९४मध्ये डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोटला त्यांची हयात गेली.

आता तुमच्या प्रश्नाला कोणी 'कादंबिनी' म्हणालं तर चूक म्हणणार का? मग असं विचारा: 'अमेरिकेत जाऊन वैद्यकीय पदवी मिळवणारी पहिली भारतीय स्त्री कोण?' देश आला, पदवी आली, उत्तर एकच उरलं.

चकली_ताई
तुलसीच्या प्रश्नाला दोन बरोबर उत्तरं आहेत. स्मृती इराणी सगळ्यांना आठवतात, पण २००७मध्ये काही काळ गौतमी कपूर तुलसी होती. मिहीरची तर रांगच आहे: अमर उपाध्याय, इंदर कुमार, रोनित रॉय. आणि मालिका 'कधी संपली' असंही विचारू नका. ३ जुलै २००० ते ६ नोव्हेंबर २००८ हे पहिलं पर्व, पण २९ जुलै २०२५पासून ती पुन्हा सुरू झाली. 'पहिल्या भागात तुलसी कोण होतं?' असं विचारलंत की वाद मिटला.

मालिकांच्या प्रश्नाचा नियमच करा कोरांटीताई: मालिका, वाहिनी, वर्ष किंवा भाग, यांतल्या निदान दोन गोष्टी प्रश्नात हव्यात.

पटकथा
+१. जिजाऊंच्या प्रश्नात तर हे फारच गरजेचं. 'राजा शिवछत्रपती' (स्टार प्रवाह, २००८) मध्ये मृणाल कुलकर्णी, 'स्वराज्यरक्षक संभाजी' (झी मराठी, २०१७) मध्ये प्रतीक्षा लोणकर, 'स्वराज्यजननी जिजामाता' (सोनी मराठी, २०१९) मध्ये मोठेपणीच्या जिजाऊ अमृता पवार. तीन वाहिन्या, तीन जिजाऊ. यातून जोड्या लावा हा प्रश्न छान होईल.

आणि आजीबाईंसाठी एक: रामानंद सागरांच्या 'रामायणा'त कौसल्या आणि दशरथ साकारणारे कलाकार खऱ्या आयुष्यातही नवरा-बायको होते. कोण ते? उत्तर: जयश्री गडकर आणि बाळ धुरी. हॉलमध्ये साठीच्या पुढच्या सगळ्या एकदम बोलतील.

सह्यवाट
दुसऱ्या प्रश्नात बदल कशाला? मुलींची पहिली शाळा फुले दांपत्याची, हे पाठ्यपुस्तकात आहे. उगाच शब्द फिरवून सावित्रीबाईंचं श्रेय कमी करू नये.

दस्तऐवज
सह्यवाट, श्रेय कमी व्हावं असं इथे कोणालाच वाटत नाही, मला तर मुळीच नाही. पण मुंबईत अमेरिकन मिशनची मुलींची शाळा १८२४पासून होती. बंगालमध्ये बारासातला १८४७मध्ये भारतीयांनीच एक काढली होती. कोणी अभ्यासू बाई उठून हे म्हणाल्या तर निवेदिका काय सांगणार?

सावित्रीबाईंचं मोठेपण त्या एका शब्दावर टेकलेलं नाही. १८४८ साली पुण्यात, भर पेठेत, भिडेवाड्यात शाळा उघडायची, शूद्र-अतिशूद्र मुलींनाही पुढे शिकवायचं, स्वतः आधी शिक्षिकेचं प्रशिक्षण घ्यायचं आणि अंगावर शेणमाती झेलत रोज वर्गात जायचं. याला तोड नाही. म्हणून प्रश्न असा करा: '१८४८मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा पुण्यातल्या कोणत्या वाड्यात सुरू केली?' नाव त्यांचंच घेतलं जातं, उत्तर पक्कं, आणि 'पहिली' शब्दाची गरजच पडत नाही.

अबोली_
याला जोडून आईचा प्रश्नही होतो. सावित्रीबाई आणि जोतीरावांनी यशवंतला दत्तक घेतलं, तो डॉक्टर झाला. १८९७च्या प्लेगमध्ये त्याच्या दवाखान्यात रुग्ण पोहोचवताना सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. 'सावित्रीबाईंच्या दत्तक मुलाचा व्यवसाय कोणता?' साधा प्रश्न आहे, पण उत्तर सांगताना निवेदिकेने ही दोन वाक्यं जरूर वाचावीत.

सह्यवाट
भिडेवाड्याचा प्रश्न पटला. माझा आग्रह मागे घेतो. 'काव्यफुले' १८५४चा, तोही घ्या.

लोहमार्ग
रेल्वेचं मी सांगतो. सुरेखा यादव, मूळच्या साताऱ्याच्या, मध्य रेल्वे. 'आशियातली पहिली' हे बातम्यांत सर्रास लिहितात, पण आशिया म्हटलं की चीन, जपान, मध्य आशियातली जुनी सोव्हिएत प्रजासत्ताकं सगळी आली. त्यांची नोंद कोणी तपासलेली असते? 'भारतातली पहिली महिला रेल्वेचालक' एवढं लिहा.

त्यापेक्षाही चांगला प्रश्न आहे. रेल्वेत माणूस एकदम चालक होत नाही. आधी सहायक, मग मालगाडी, मग लोकल, मग घाटाचं वेगळं प्रशिक्षण, मग मेल-एक्सप्रेस. घाटात उतारावर ब्रेक कधी आणि किती लावायचा हे हाताला बसावं लागतं, मागे इंजिनं जोडलेली असतील तर त्यांच्याशी ताळमेळ ठेवावा लागतो. सुरेखाताई या सगळ्या पायऱ्या चढल्या. म्हणून विचारा: '८ मार्च २०११ रोजी सुरेखा यादव यांनी पुण्याहून मुंबईला कोणती गाडी नेली?' डेक्कन क्वीन. आणि जोडप्रश्न: '१३ मार्च २०२३ रोजी सोलापूरहून मुंबईला?' वंदे भारत. पुणेकरणींना पहिला येणारच.

गोकर्ण
मस्त धागा. वाचतेय.

नभांगण
अंतराळाचा प्रश्न: कल्पना चावला १९ नोव्हेंबर १९९७ला 'कोलंबिया'तून गेल्या, तेव्हा त्या अमेरिकी नागरिक होत्या. जन्म कर्नालचा. म्हणून 'भारतात जन्मलेली पहिली अंतराळयात्री' हा शब्दप्रयोग वापरा. सुनीता विल्यम्स यांचा जन्म ओहायोतला, म्हणजे त्यांच्याशीही घोळ होत नाही.

तुमचे दोन्ही विषय जोडणारा प्रश्न देतो: 'अंतराळात गेलेली पहिली आई कोण?' बहुतेक जणी व्हालेंतिना तेरेश्कोवा म्हणतील. त्या १६ जून १९६३ला गेल्या, पण त्यांची मुलगी एलेना जन्मली जून १९६४मध्ये. उड्डाणाच्या वेळी आई असलेली पहिली अंतराळयात्री म्हणजे ॲना फिशर, ८ नोव्हेंबर १९८४, 'डिस्कव्हरी'. घरी मुलगी सव्वा वर्षाची होती. प्रश्नात 'उड्डाणाच्या वेळी आई असलेली' हे शब्द हवेतच, नाहीतर तेरेश्कोवा हे उत्तरही मान्य करावं लागेल.

सातासमुद्रा
आमच्याकडे न्यू जर्सीत मंडळात मुलं इथेच वाढलेली असतात, त्यांच्यासाठी अमेरिकी मालिकांतल्या आया घ्याव्या लागतात. कोरांटीताई, नाती असतील तर तुम्हालाही चालतील.

'लीव्ह इट टू बीव्हर'मधली जून क्लीव्हर, म्हणजे बार्बरा बिलिंग्सली. घरकाम करतानाही गळ्यात मोत्यांची माळ. कारण? त्यांच्या गळ्याच्या खळगीची सावली कॅमेऱ्यात दिसायची, ती झाकायला. पुढे उंच टाचांचे बूट आले, कारण मालिकेतली मुलं भराभर उंच होत होती. नभांगण, तुमच्यासाठी: ही मालिका सुरू झाली ४ ऑक्टोबर १९५७ला, आणि त्याच दिवशी स्पुटनिक सुटला.

दुसरी ल्युसिल बॉल. 'आय लव्ह ल्युसी'त ल्युसीला मुलगा होतो तो भाग १९ जानेवारी १९५३ला लागला, आणि त्याच दिवशी ल्युसिल बॉल यांना खरोखर मुलगा झाला. भाग आधीच चित्रित झालेला होता आणि सिझेरियनची तारीख ठरलेली होती, म्हणून हे जुळलं. 'गरोदर' या अर्थाचा सरळ इंग्रजी शब्द संवादांत वापरायला वाहिनीची परवानगी नव्हती.

इथेही 'पहिली'चा सापळा आहे. ल्युसी ही 'टीव्हीवरची पहिली गरोदर स्त्री' म्हणून सांगितली जाते. पण 'मेरी के अँड जॉनी' या मालिकेत १९४८मध्येच नायिकेचं खरं गरोदरपण कथेत घेतलं होतं.

चकली_ताई
मोत्यांचं भारीच! आपल्याकडे मालिकेतल्या सासवा रात्री झोपतानाही दागिने घालतात त्यालाही असंच कारण सापडलं तर कळवा :)

मराठीतले माझे दोन. 'होणार सून मी ह्या घरची'त जान्हवीला सासवा किती? सहा. हे नातींनाही येईल, पहिल्याच प्रश्नाला ठेवा म्हणजे सगळ्या गटांचं खातं उघडेल. दुसरा जरा कठीण: 'आई कुठे काय करते' आणि हिंदी 'अनुपमा' या दोन्हींचं मूळ कोणत्या भाषेतल्या मालिकेत? बंगाली, 'श्रीमोयी'. मराठी डिसेंबर २०१९ला सुरू झाली, हिंदी जुलै २०२०ला. त्यामुळे 'अनुपमावरून मराठी केली' असं कोणी म्हणालं तर तारखाच दाखवा.

पटकथा
दोन फेऱ्या जोडणारे माझ्याकडचे तीन:

रोहिणी हट्टंगडी: 'चार दिवस सासूचे'मधली सासू, 'होणार सून'मधली आईआजी. याच अभिनेत्रीला 'गांधी' चित्रपटातल्या कस्तुरबांसाठी बाफ्टा पुरस्कार मिळाला. प्रश्न उलटा विचारा, आधी बाफ्टा, मग मालिका.

'उडान' (दूरदर्शन, १९८९): कल्याणी सिंह साकारली कविता चौधरींनी, आणि कथा बेतली होती त्यांच्या सख्ख्या बहिणीवर, कांचन चौधरी भट्टाचार्यांवर. त्या २००४मध्ये उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या, देशातल्या पहिल्या महिला महासंचालक. इथे नेहमीची चूक म्हणजे किरण बेदींचं नाव. बेदी १९७२च्या, पहिल्या महिला आयपीएस. 'महासंचालक' हा शब्द प्रश्नात ठळक वाचा.

तिसरा चित्रपटाचा, पण सोडवत नाही. 'राजा हरिश्चंद्र'त तारामती झाले अण्णा साळुंके, बायका काम करायला तयार नव्हत्या म्हणून. मग फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये (१९१३) आई आणि मुलगी दोघी आल्या: दुर्गाबाई कामत पार्वती, कमलाबाई मोहिनी. 'पहिली अभिनेत्री कोण' म्हणालात तर अर्धा हॉल आईचं नाव घेईल, अर्धा मुलीचं. 'मोहिनीची भूमिका कोणी केली' असं विचारा. कमलाबाई गोखले म्हणजे चंद्रकांत गोखल्यांच्या आई, विक्रम गोखल्यांच्या आजी.

अबोली_
नावांच्या गोंधळाकडे लक्ष द्या, सगळ्यात जास्त चुका तिथे होतात. एकोणिसाव्या शतकातल्या दोन रमाबाई: पंडिता रमाबाई (शारदा सदन, केडगावचं मुक्ती मिशन) आणि रमाबाई रानडे (पुण्याचं सेवासदन, 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी'). 'उंच माझा झोका' ही मालिका रानड्यांच्या रमाबाईंची, लहानपणी तेजश्री वालावलकर, मोठेपणी स्पृहा जोशी. त्यात थोरल्या माधवरावांच्या पत्नी रमाबाई आणि रमाबाई आंबेडकर धरल्या की चार. उत्तरपत्रिकेवर नुसतं 'रमाबाई' लिहिलं तर गुण नाहीत, हे खेळ सुरू व्हायच्या आधी जाहीर करा.

आनंदीबाईही तशाच. डॉ. आनंदीबाई जोशी, राघोबादादांच्या आनंदीबाई, आणि बाया कर्वे, म्हणजे लग्नाआधीच्या गोदूबाई.

दस्तऐवज
अबोली, तुमच्या या यादीतून एक अख्खी छोटी फेरी निघते, आणि कार्यक्रमही त्याच आठवड्यात आहे.

११ मार्च १८८६: आनंदीबाई जोशींना पदवी. त्या समारंभाला पंडिता रमाबाई फिलाडेल्फियात हजर होत्या.
११ मार्च १८८९: पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडलं. सुरुवातीच्या विधवा विद्यार्थिनींमध्ये गोदूबाई होत्या.
११ मार्च १८९३: त्याच गोदूबाईंचा धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह झाला, आणि त्या आनंदीबाई झाल्या.

सात वर्षांत तीन वेळा एकच तारीख, आणि तिन्ही घटना एकमेकींच्या हाताला धरून आलेल्या. तीन पाट्यांवर तीन घटना लिहा, वर्षं झाका आणि क्रम लावायला सांगा. तिन्ही लागल्या की विचारा: 'या तिघींना जोडणारी तारीख कोणती?' पंडिता रमाबाई मधली कडी आहेत हे कळलं की क्रम आपोआप लागतो. पाठांतरापेक्षा असा प्रश्न मला जास्त आवडतो.

सह्यवाट
सुंदर! फक्त ११ मार्च हा छत्रपती संभाजी महाराजांचाही स्मृतिदिन (१६८९). कार्यक्रम त्याच दिवशी असेल तर निवेदनात आधी त्यांना अभिवादन असावं.

कोरांटी
अंगावर काटा आला दस्तऐवज. ही फेरी नक्की. सह्यवाट, सूचना लिहून घेतली. आता चित्रांची फेरी हवी आहे, प्रोजेक्टर आहे. हॉलला खिडक्या बऱ्याच.

दस्तऐवज
चित्र एकच ठेवा, पण हे ठेवा. १० ऑक्टोबर १८८५चं छायाचित्र, फिलाडेल्फियातल्या त्याच कॉलेजातलं. तिघी विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या पोशाखात. डावीकडे साडीतल्या आनंदीबाई, मध्ये किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी, उजवीकडे सीरियाच्या सबात इस्लामबूली. खाली नावं छापलेली असतात, ती पट्टी कापून टाका, विसरलात तर प्रश्न तिथेच संपला. आधी विचारा: 'तिघी कोणत्या कोणत्या देशांच्या?' प्रत्येक देशाला एक गुण. मग: 'यातली पदवी सर्वांत आधी कोणाला मिळाली?' आनंदीबाईंना. ओकामींना १८८९, इस्लामबूलींना १८९०.

निवेदिका
प्रोजेक्टरबद्दल: दिवसा खिडक्यांचा उजेड पडद्यावर आला की जुनं कृष्णधवल चित्र पार धुऊन निघतं. पडदा खिडकीकडे तोंड करून लावू नका, चित्राचा काँट्रास्ट आधी वाढवून घ्या आणि प्रत्येक गटाच्या टेबलावर एक छापील प्रत द्या. एवढ्याने सुटतं.

बाकी घडण अशी ठेवा. सहा गटांना बझर नको, कोणाचा आधी वाजला यातच वेळ जातो. प्रत्येक गटाला पाटी-खडू द्या. प्रश्न दोनदा वाचायचा, वीस सेकंद, मग सगळ्यांनी एकदम पाट्या वर. चित्राला तीस सेकंद. आजी मंडळींसाठी एका प्रश्नात एकच तारीख असावी, दोन आल्या की पहिली विसरली जाते.

परीक्षकाच्या कागदावर तीन रकाने: उत्तर, आणखी काय मान्य, काय अमान्य आणि का. तिसरा रकाना भरताना प्रश्न कुठे गळका आहे ते कळतं. तिथे 'का' लिहिता आलं नाही तर प्रश्न बदला.

शीर्षकगीत वाजवणार असाल तर आठ सेकंद पुरे. मराठी शीर्षकगीतांत मालिकेचं नाव बहुतेक येतंच, ते येण्याआधी तुकडा संपला पाहिजे. आधी मोबाइलवर कापून ठेवा, ऐन वेळी थांबवायला गेलं की हमखास नाव ऐकू येतं.

नाशिककर_मैना
आमच्या नाशिकची कोणी नाही घेतलीत. कॉर्नेलिया सोराबजी, जन्म नाशिक, १८६६. ऑक्सफर्डला कायदा शिकलेली पहिली स्त्री, भारतीयच नव्हे, कोणत्याही देशातली. परीक्षा दिली १८९२मध्ये, पदवी हातात पडली १९२२मध्ये, कारण ऑक्सफर्ड १९२०पर्यंत स्त्रियांना पदवीच देत नव्हतं. प्रश्न: 'परीक्षा आणि पदवी यांत किती वर्षं गेली?' तीस. हिच्या आईनेही पुण्यात शाळा चालवल्या, म्हणजे तुमच्या दोन्ही फेऱ्यांत बसते.

सातासमुद्रा
आई-मुलीच्या जोड्याच हव्या असतील तर मारी क्युरी (१९०३, १९११) आणि इरेन (१९३५), तिन्ही नोबेल. आणि पंतप्रधानपदावर असताना आई झालेल्या दोघी: बेनझीर भुट्टो, जानेवारी १९९०, आणि न्यूझीलंडच्या जसिंडा आर्डर्न, २१ जून २०१८. २१ जून हा बेनझीर यांचा जन्मदिवस.

कोरांटी
नाशिककर_मैना, कॉर्नेलिया घेतली. सुधारलेले प्रश्न असे झालेत, नजर टाका:

१. अमेरिकेत जाऊन वैद्यकीय पदवी मिळवणारी पहिली भारतीय स्त्री?
२. १८४८मधली फुले दांपत्याची मुलींची शाळा पुण्यातल्या कोणत्या वाड्यात?
३. भारतात जन्मलेली पहिली अंतराळयात्री?
४. ८ मार्च २०११ला सुरेखा यादव यांनी पुण्याहून मुंबईला नेलेली गाडी?
५. 'क्योंकि'च्या पहिल्या भागातली तुलसी?
६. तीन वाहिन्या, तीन जिजाऊ, जोड्या लावा.

बरोबरी झाली तर काय करू?

नभांगण
तिसऱ्यात 'पहिली महिला अंतराळयात्री' करा. राकेश शर्मांचा जन्म पतियाळाचा, ते १९८४मध्येच जाऊन आलेत. माझ्याच वरच्या वाक्यातली चूक आहे, क्षमस्व.

बरोबरीला आकड्याचा प्रश्न: तेरेश्कोवा किती तास अंतराळात होत्या? ७० तास ५० मिनिटं, पृथ्वीला ४८ फेऱ्या. पाटीवर नुसता तासांचा आकडा लिहायचा, जवळचा जिंकतो.

निवेदिका
'जास्तीचा आकडाही चालेल' हे आधीच सांगा. एकीने ६८ आणि दुसरीने ७३ लिहिलं तर ७३वाली जिंकते, फरक दोन तास दहा मिनिटांचा, ६८वालीचा दोन तास पन्नास. ही वजाबाकी परीक्षकाने कागदावर करायची, तोंडी नाही.